एक माणूस, दोन चिठ्ठ्या

आमच्या दुकानात येणाऱ्या चिठ्ठ्यांमधली एक जोडी मला लगेच ओळखू येते. एका चिठ्ठीवर थायमिन, क्लोरडायझेपॉक्साइड आणि यकृतासाठी काहीतरी लिहिलेलं असतं. ती दारू सोडवणाऱ्या डॉक्टरांची. दुसरीवर एसिटालोप्राम, नाहीतर लिथियम, नाहीतर ओलान्झापिन. ती मनोविकारतज्ज्ञांची. दोन्हींवर नाव एकच, वयही एकच. बहुतेक वेळा त्या घेऊन येणारी बाईसुद्धा एकच असते, फक्त दिवस वेगळे. मी विचारते, "या डॉक्टरांना त्या गोळ्या दाखवल्या का?" ती आजूबाजूला बघते आणि हळूच म्हणते, "नाई ना ताई, ते रागावते."

माझं औषधाचं दुकान नागपुरात मानेवाडा रोडला आहे. मेडिकल, म्हणजे आपलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथून फार लांब नाही. त्यामुळे शहरातल्या लोकांबरोबर भंडारा, गोंदिया, यवतमाळ, पार बालाघाट-छिंदवाड्याकडचे नातेवाईकही चिठ्ठ्या घेऊन येतात. अल्प्राझोलम, झोल्पिडेम, क्लोरडायझेपॉक्साइड ही औषधं शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत मोडतात. ती देताना वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहावं लागतं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. रात्री शटर ओढायच्या आधी मी ते चाळते. त्यात एकाच माणसापुढे दोन वेगळ्या डॉक्टरांची नावं दिसली की माझा जीव खालीवर होतो. व्यसन आणि मनाचा आजार एकाच अंगात असतील, तर उपचारही एकाच ठिकाणी, एकाच वेळी आणि एकमेकांशी बोलणाऱ्या माणसांकडून व्हायला हवेत, असं माझं ठाम मत झालं आहे. "आधी हे बरं होऊ द्या, मग ते बघू" या वाक्याने मी घरंच्या घरं उद्ध्वस्त होताना बघितली आहेत.

व्यसन आणि मनाचा आजार असे एकत्र असण्याला डॉक्टर मंडळी ड्युअल डायग्नोसिस म्हणतात. हा प्रकार दुर्मीळ मुळीच नाही. दारू, गांजा, अफूजन्य औषधं, खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू) यांच्या विळख्यात सापडलेल्या माणसांमध्ये नैराश्य, चिंतेचे विकार, बायपोलर (मूड कधी टोकाचा चढणं, कधी टोकाचा पडणं), स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, संशय), जुना मानसिक आघात यांचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं. उलट बाजूने बघितलं तरी तेच. १९८५ मध्ये एडवर्ड खांत्झियन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी मांडलं होतं की माणूस नशा करतो तो बहुधा स्वतःच स्वतःवर उपचार करत असतो. भीती दाबायला, झोप यायला, आतलं दुखणं बधिर करायला. काउंटरवर उभी राहून बघते तेव्हा मला हे निम्मं खरं वाटतं. उरलेलं निम्मं असं की दारूसुद्धा आजार तयार करते. ती मेंदू शांत करते म्हणून मेंदू तिच्या विरोधात स्वतःला जास्त जागं ठेवायला शिकतो. मग सकाळी दारू उतरली की ते जागेपण तेवढं उरतं. छातीत धडधड, हातांना कंप, काहीतरी वाईट होणार असं वाटत राहणं. पेशंट म्हणतो, "टेन्शन आलं म्हणून पेतो." टेन्शनही खरं असतं आणि त्यातलं बरंचसं कालच्या दारूने आणलेलं असतं, हेही खरं असतं.

हे दोन आजार वेगळे करण्यात आपल्या सरकारी व्यवस्थेचाही वाटा आहे. व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान येतं ते केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाकडून. मनोरुग्णालयं, वैद्यकीय महाविद्यालयांतले मनोविकार विभाग, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हे सगळं आरोग्याच्या बाजूला. नुसते हेल्पलाइनचे नंबर बघा. व्यसनासाठी १४४४६, तो सामाजिक न्यायवाल्यांचा. मानसिक त्रासासाठी टेली-मानस, १४४१६, तो आरोग्य मंत्रालयाचा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेला. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही उपयोगाचे आहेत. पण दारू पिऊन गळफास घ्यायचा विचार करणाऱ्या नवऱ्यासाठी रात्री बाईने कुठला फिरवायचा? मला विचाराल तर १४४१६. आणि त्यावर दारूचंही पहिल्याच वाक्यात सांगायचं.

२०१९ मध्ये आलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एक आकडा आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळाल्याचं त्यात दिसलं. दाखल होऊन उपचार मिळाले ते १८० मध्ये एकाला. म्हणजे माझ्या काउंटरपर्यंत चिठ्ठी घेऊन पोचलेली माणसं ही नशिबवानच. तीही अशी दोन दारांमध्ये फिरवली जातात.

नागपूरचं याबाबतीत काही वेगळं आहे. बाजूच्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरला ती २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. मधे नागपूर. बंदी असावी की नसावी यावर चहाच्या टपरीवर तासन्‌तास वाद होतात, त्यात मी पडत नाही. पण रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली तर त्याच्या शरीराचं काय होतं, यावर मात्र कुणी बोलत नाही. २०२० च्या मार्चअखेर कोरोनाच्या टाळेबंदीत सगळी दुकानं बंद झाली, आमची उघडी होती. त्या आठवड्यात घामाने निथळलेली, हातात नोटसुद्धा धरता न येणारी माणसं पायरीवर उभी असायची. "झोपेची द्या, कोणतीबी द्या." पुढच्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेले सात जण गेले.

म्हणून हे नीट सांगते. अनेक वर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एका रात्रीत दारू सोडणं धोक्याचं असतं. काही तासांत थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतात, भिंतीवर मुंग्या दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं, ताप चढतो. त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नसतील तर त्यात माणूस दगावतो. गावाकडे यालाच "लागिर झालं" म्हणून अंगारा लावतात, शहरात "वेडा झाला" म्हणून कोंडतात. खरं तर ही इमर्जन्सी आहे. अशा वेळी क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपॅमसारखं औषध मोजून देतात आणि रोज थोडं थोडं उतरवत नेतात. थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, हे ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी द्यायचं असतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते. "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून द्या" म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात जाणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. दारूचं लपवू नका, तिथेही सांगा.

आणि डिटॉक्स झालं म्हणजे उपचार झाला, ही समजूतही मोडायला हवी. दारू सोडल्यावरचा शरीराचा त्रास ओसरायला आठवडा-दहा दिवस पुरतात. खरं काम त्यानंतरचं.

या कामातली औषधं कुठली हे लोकांना फारसं माहीत नसतं. एक गोळी मात्र सगळ्या विदर्भाला माहीत आहे. महिन्यातून एखादी तरी बाई येते, पदराने तोंड पुसते, दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबते. मग म्हणते, "ताई, ते भाजीत टाकाची गोळी देता का?"

"कुणासाठी?"

"मालकासाठी. त्यायले मालूम नाई पडलं पाह्यजे. माह्या बहिनीनं देल्ली होती, तिच्या मालकाची सुटली."

ती गोळी म्हणजे डायसल्फिराम. चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही, पण नुसतं "नाही" म्हणून कुणाला परतही पाठवत नाही. मागे पडवीत स्टूल आहे, तिथे बसवते. तिला सांगते की ही गोळी पोटात असताना दारू प्याली तर तोंड लालबुंद होतं, छाती उडते, उलट्या होतात, बीपी एकदम खाली जातं. हृदय कमजोर असलेला माणूस त्यात जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोनेक आठवडे हा धोका राहतो. ही गोळी ज्याला घ्यायची त्याला सगळं माहीत असेल, त्याने स्वतः कबूल केलं असेल, यकृताची तपासणी झाली असेल आणि घरातलं कुणीतरी रोज समोर देत असेल, तरच ती काम करते. ज्याला आवाज ऐकू येतात, संशयाचा आजार आहे, त्याचा तो आजार या गोळीने वाढूही शकतो. आणि ते तर भाजीत टाकणाऱ्या बाईला कळणारही नाही.

त्या बाईला दोष देणं मला कधीच पटलेलं नाही. ती सगळं करून बघितलेली असते. नवस, बाबा, शपथ, माहेरी जाऊन बसणं. तिला कुणी सांगितलेलंच नसतं की दुसऱ्या गोळ्याही आहेत. नाल्ट्रेक्सोन आहे, ती दारूची मजा आणि ओढ दोन्ही कमी करते. अफूजन्य औषध घेणाऱ्याला मात्र ती चालत नाही, आणि यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. अकॅम्प्रोसेट आहे, सोडल्यानंतर टिकून राहायला मदत करते, दिवसातून तीनदा घ्यावी लागते, मूत्रपिंड चांगलं हवं. ब्राउन शुगर किंवा अफूजन्य गोळ्यांच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिनवर ठेवतात, ते माझ्यासारख्या दुकानात मिळत नाही, मान्यताप्राप्त केंद्रातच मिळतं. "एक नशा सोडवून दुसरी लावली" असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकून घेत नाही. मोजून दिलेल्या औषधावर कामाला जाणारा पोरगा आणि सुई टोचून नाल्याकाठी पडलेला पोरगा यात काय फरक आहे, ते त्याच्या आईला विचारा.

आता दादाबद्दल. तो माझा मामेभाऊ, बुटीबोरीच्या एमआयडीसीत फिटर. त्याने आणि वहिनीने परवानगी दिली म्हणूनच लिहिते आहे.

दादाचं पिणं सगळ्यांना दिसत होतं. दुसरं कुणाला दिसत नव्हतं. वर्षातून काही आठवडे तो झोपायचाच नाही. पहाटे उठून मोहल्ल्यातल्या सगळ्यांच्या मोटारी दुरुस्त करून द्यायचा, फुकट. एकदा कर्ज काढून जुन्या तीन ऑटो विकत घेतल्या, ट्रान्सपोर्टचा धंदा करतो म्हणून. बोलणं इतकं जलद की मधे शब्द घालता येऊ नये. मग एकदम सगळं विझायचं. भिंतीकडे तोंड करून महिना-दीड महिना पडून. दोन्ही काळात बाटली असायची, आणि घरच्यांचा हिशेब सोपा होता: दारूने हे सगळं केलं.

शहराबाहेरच्या एका केंद्रात त्याला ठेवलं. तिथे फोन बंद, भेटी बंद. त्याच्याजवळ एका डॉक्टरांनी दिलेल्या झोपेच्या आणि मूडच्या गोळ्या होत्या, त्या पहिल्याच दिवशी काढून घेतल्या. "इथे कोणतीच गोळी चालत नाही, गोळी पण नशाच आहे." दारू सुटली खरी. बाहेर आला तेव्हा तो हसत नव्हता, रडतही नव्हता. वहिनी त्याला एका खासगी मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन गेली. तिथे सांगितलं गेलं, आधी सहा महिने दारू बंद ठेवा, मग या. दुसऱ्या एकाने नैराश्य बघून नुसती नैराश्याची गोळी दिली. तीन आठवड्यांत दादा पुन्हा रात्रभर जागा, पुन्हा नवे धंदे, पुन्हा बाटली. बायपोलर असलेल्या माणसाला मूड सावरणाऱ्या औषधाशिवाय नुसतं अँटिडिप्रेसंट दिलं तर असं होऊ शकतं. हे आम्हाला नंतर कळलं.

कळलं ते सरकारी ओपीडीत. तिथल्या डॉक्टरबाईंनी दादाला "किती पिता" हे शेवटी विचारलं. आधी वहिनीला विचारलं, "दारू नव्हती तेव्हा कसे होते?" वहिनी गोंधळली. मग मामीला फोन लावला, मामी काटोलला. मामीने आठवून सांगितलं की बारावीच्या परीक्षेआधी, दारूचा थेंबही शिवला नव्हता तेव्हा, हा कितीतरी रात्री झोपला नव्हता आणि पहिला येणार म्हणून गावभर पेढे वाटून आला होता. आणि मामीचा सख्खा भाऊ, ज्याचं नाव घरात कुणी काढत नाही, तोही असाच होता. डॉक्टरबाईंनी एका कागदावर रेघ मारली, खाली वर्षं लिहिली. रेघेच्या वर दारू कधी सुरू, कधी बंद ते. रेघेच्या खाली झोप आणि मूड. दारू बंद असतानाच्या जागांवरही खालचा मूड वरखाली होत होता. वहिनी त्या कागदाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिच्या नवऱ्याचं आयुष्य कुणी एका कागदावर मांडलं नव्हतं.

निदान असंच करतात. कुठलं आधी सुरू झालं, दारू बंद असतानाही त्रास टिकतो का, घराण्यात कुणाला होतं का. दारू बंद केल्यावर तीन-चार आठवड्यांत अनेकांचं नैराश्य आपोआप ओसरतं. ते दारूनेच आणलेलं असतं. म्हणून डॉक्टर कधीकधी थांबतात, आणि ते थांबणं योग्यच असतं. पण थांबणं म्हणजे रुग्णाला घरी पाठवून देणं नाही, नजरेसमोर ठेवणं. आणि माणूस मरायच्या गोष्टी करत असेल, किंवा आजार आधीपासूनचा असल्याचं दिसत असेल, तर थांबायचंच नसतं.

दादाला लिथियम सुरू झालं. सोबत दारूच्या ओढीसाठी वेगळी गोळी, दोन्ही एकाच फाइलवर. समुपदेशकाबरोबर बसणं. त्यात उपदेश नव्हता. त्याच्या तोंडून त्याची कारणं काढून घेणं होतं. याला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात, आणि "सोडशील की नाही बोल" या आपल्या घरगुती पद्धतीच्या अगदी उलट आहे. झोपेची वेळ ठरवून दिली, कारण बायपोलरमध्ये झोप बिघडली की मागोमाग सगळं बिघडतं. रात्रपाळी बंद करायला लागली, त्याने पगार कमी झाला. शनिवारी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मीटिंग. तिथे एकाने त्याला सांगितलं की डोक्याच्या गोळ्या घेतोस तोवर तू खरा सोबर नाहीस. त्या संघटनेची अधिकृत भूमिका अशी नाही. सदस्यांनी डॉक्टर बनू नये, असंच ती सांगते. दादाने मीटिंग सोडली नाही, शेजारची खुर्ची तेवढी बदलली.

नंतरचं साल, मे महिना. नागपूरचा मे, पारा ४५ च्या वर. दुपारी वहिनीचा फोन. "ताई, हे झोकांडे खाऊन राह्यले. जीभ जड झाली. सगळे म्हनते पेले म्हनून." मग थोडं थांबून: "पन तोंडाले वास नाई."

मी दुकान पोराच्या हवाली करून गेले. दादा दिवाणावर बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवलेले, तरी हलत होते. बारीक कंप नव्हे, मोठे झटकेच. बोलणं ओढत ओढत. मामा दारात उभे राहून शिव्या देत होते. मी विचारलं, पोट कसं आहे? दोन दिवस जुलाब. कामावर पत्र्याच्या शेडमध्ये घाम किती? कपडे पिळावे लागतात. गोळी कुठली घेतली? कंबर दुखते म्हणून ठेकेदाराकडून डायक्लोफेनॅक घेतली, आठवडाभर.

लिथियम हे एक प्रकारचं मीठ. शरीरातलं पाणी आणि साधं मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. घाम, जुलाब, डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी दुखणेनिवारक, सगळ्यांनी रक्तातलं प्रमाण चढतं. औषध म्हणून ते लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलिमोलच्या आसपास हवं असतं. १.५ च्या वर गेलं की विषबाधेची लक्षणं दिसायला लागतात, आणि ती लक्षणं म्हणजे तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या, गुंगी. दारू प्यालेल्या माणसासारखीच. आम्ही त्याला थेट कॅज्युअल्टीत नेलं. रक्ताचा रिपोर्ट आला, सलाईन लागली, लिथियम काही दिवस थांबवलं. दादा वाचला. वहिनीने त्याच्या तोंडाचा वास घेतला नसता तर "पिऊन पडलाय, झोपू द्या" म्हणून सगळे आपापल्या कामाला गेले असते.

म्हणून लिथियमवर असलेल्या प्रत्येकाला मी उन्हाळ्याच्या आधी सांगते. पाणी भरपूर, जेवणात मीठ नेहमीइतकं, एकदम कमी नाही आणि एकदम जास्त नाही. जुलाब लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. अंग दुखलं तर आधी विचारा, ठेकेदाराच्या खिशातली गोळी नको. रक्ताची तपासणी चुकवायची नाही.

विडीचंही असंच आहे. विडी-सिगारेटचा धूर यकृतातलं एक एन्झाइम वाढवतो, त्यामुळे क्लोझापिन, ओलान्झापिन ही औषधं शरीरातून लवकर निघून जातात. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण वॉर्डात दाखल झाला, विडी बंद झाली, की तोच डोस त्याला जड होतो, तो दिवसभर पेंगतो. बाहेर येऊन पुन्हा विडी सुरू केली की डोस कमी पडतो आणि आवाज परत येतात. आपल्याकडच्या खर्‍याने असं होत नाही, कारण त्यात धूर नाही. तोंडाच्या कर्करोगाची भीती मात्र पुरेपूर. गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली तरी पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा अजून दिवसभर विकला जातो. मनाच्या आजाराचे डॉक्टर त्याबद्दल विचारतच नाहीत, "जाऊ द्या, त्याला तेवढंच सुख" म्हणतात. हे मला दुष्टपणाचं वाटतं, जरी मायेने म्हटलेलं असलं तरी. निकोटिनची गम आहे, पॅच आहेत, व्हॅरेनिक्लिन आहे, ब्युप्रोपिऑन आहे. मनोरुग्णालाही लांब जगायचा हक्क आहे.

नागपुरात जायचं कुठे, हे लोक विचारतात. छिंदवाडा रोडवरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून आहे. राज्यात अशी चारच आहेत, ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि हे. त्याच्या समोरच्या चौकाला आजही लोक पागलखाना चौक म्हणतात, आणि ऑटोवाल्याला ते नाव सांगायचं नाही म्हणून बायका एक चौक आधी उतरतात. उतरा, पण जा. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, दाखल न होताही उपचार मिळतात, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. मेडिकल, मेयो (म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधलं एम्स, तिन्हींकडे मनोविकार विभाग आहेत. तिथे एक मोठा फायदा असा की यकृत, शुगर, हृदय बघणारे डॉक्टर त्याच आवारात असतात. पुण्याचं मुक्तांगण, २९ ऑगस्ट १९८६ ला अनिल आणि सुनंदा अवचट यांनी सुरू केलेलं, तिकडेही विदर्भातली माणसं जातात आणि बरी होऊन येतात.

खासगी केंद्र निवडायचं असेल तर मी इतकंच विचारायला सांगते: इथे मनोविकारतज्ज्ञ येतात का, आठवड्यातून किती वेळा? आधीच्या गोळ्या चालू ठेवता का? मारत नाही ना, बांधत नाही ना? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही मानसिक आजाराच्या व्याख्येत आले आहेत. त्याच कायद्याच्या कलम ९५ नुसार रुग्णाला साखळीने बांधायला सक्त मनाई आहे. कलम २१ सांगतं की विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच संरक्षण द्यावं. क्लेम नाकारला तर हे कलम लिहून पत्र द्या.

सगळं काही वॉर्डातच व्हायला हवं असंही नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल यांच्या गटाने एक चाचणी केली, २०१७ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये आली. साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून, आरोग्य केंद्रात येणाऱ्या घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी चारेक बैठका करायला लावल्या. तीन महिन्यांनी त्या गटातल्या ३६ टक्के पुरुषांचं पिणं धोक्याच्या खाली आलं, नेहमीची सेवा मिळालेल्यांत २६ टक्क्यांचं. व्यसनात पुरते बुडालेले यात नव्हते, बुडायच्या आधीचे होते. आपल्या आशाताई हे करू शकतील असं मला मनापासून वाटतं, त्यांचं मानधन आणि कामाचा बोजा आधी नीट केला तर.

दादाचं पाय घसरणंही लिहिते, कारण वहिनी म्हणाली ते गाळू नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, निघते. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत सगळं इतवारी-महाल रस्त्यावर. खोकला, रोगराई, महागाई, सगळं त्या पुतळ्याबरोबर गावाबाहेर. दादाही मित्रांबरोबर गेला आणि रात्री पिऊन आला. पूर्वी अशा रात्री घरात भांडी फुटायची. या वेळी वहिनीने त्याला जेवायला वाढलं, झोपू दिलं आणि सकाळी ओपीडीत नेलं. डॉक्टरबाईंनी "परत सुरुवातीपासून" असं काही म्हटलं नाही. झोप विचारली. तर चार रात्रींपासून तो नीट झोपलाच नव्हता. म्हणजे मूड आधी चढायला लागला होता, दारू मागून आली. औषध वाढवलं, पंधरा दिवसांनी बोलावलं. वेगवेगळ्या ठिकाणी उपचार चालू असते तर हे कुणाला दिसलं असतं?

त्या दिवशी दादाचा रोज बुडाला. दर वेळी बुडतो. सरकारी ओपीडी मुख्यतः सकाळची. चिठ्ठी काढायची रांग, मग डॉक्टर, मग समुपदेशक, मग औषधाची खिडकी. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कंपनीत ठेकेदाराकडे काम करणारा माणूस महिन्यातून दोनदा हा रोज सोडू शकत नाही. मग तो आधी समुपदेशन सोडतो, नंतर औषध. माझ्याकडे येणारे किती तरी जण असेच गळाले आहेत, आणि त्यांना "इच्छाशक्ती नाही" म्हणून मोडीत काढलं गेलं. मेडिकल आणि मेयोने आठवड्यातून एक संध्याकाळ, पाच ते आठ, मनोविकार आणि व्यसनाची एकत्र ओपीडी चालवावी. एक डॉक्टर, एक समुपदेशक, एक फाइल. आम्ही काही औषध दुकानदार मिळून तसं निवेदन तयार करतो आहोत. कुणाला त्यावर सही करायची असेल तर दुकानात या, रजिस्टरशेजारीच ठेवलं आहे.